पप्पा नाताळाला येणार नाहीत, मग मुलांना वाट बघायला कसं शिकवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ला तालुक्यातली एक आई, नवरा मालवाहू जहाजावर. नाताळाला घरी येणार असं ठरलेलं होतं, आता कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत वाढलंय. पाच वर्षांचं चेडू, म्हणजे मुलगी, रोज सकाळी उठून विचारतं, "पप्पा आज येतले?" नऊ वर्षांचा झिल, म्हणजे मुलगा, संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसत नाही, म्हणतो, "देव काय आयकना नाय." सासूबाईंचं म्हणणं, हल्लीच्या पोरांना धीरच नाही, मोबाइलने बिघडवली. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ, तोंडावर आलाय. घरात असं काय करावं की मुलं धीर धरायला शिकतील आणि आशाही सोडणार नाहीत, असं त्या आईने विचारलंय.

वयाने तू माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून 'तू'च म्हणते, राग मानू नको. मी ३१ वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. पहिल्या कम्युनियनची मुलं, म्हणजे सात-आठ वर्षांची, बहुतेक माझ्याच वाट्याला यायची. त्यातल्या कितीतरी जणांचे बाप बोटीवर, आखातात नाहीतर मुंबईला. माझे यजमानही बोटीवरच होते. त्यामुळे वाट बघणं हा विषय मला कधी पुस्तकातून काढावा लागला नाही, तो समोर बाकावर बसलेला असायचा आणि घरी गेलं की जेवायच्या पाटावर.

आधी झिलाचं बोलू. तो देवावर रागावलाय असं तुला वाटतं. मला वाटतं, तो शब्दावर रागावलाय. 'नाताळाला येतो' हा दिलेला शब्द होता आणि तो मोडला. कोणाच्या हातात नव्हतं हे त्यालाही कळतं, नऊ वर्षांचा आहे तो. पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही. अशा मुलाला 'धीर धर' म्हटलं की त्याला ऐकू येतं ते 'अजून एकदा फसून बघ'.

हे मला एका पोराने शिकवलं. एका उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांत, मी वर्गाला सांगितलं होतं, सगळे रविवार जे येतील त्यांना ईस्टरनंतर शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर नेईन. मुलं आली. ईस्टर झालं, गाडी जमली नाही. 'पुढच्या रविवारी' म्हटलं. मग लग्नसराई, मग मे महिन्याची सुट्टी, मग पाऊस. कोणी तक्रार केली नाही, मलाही सोयीस्कर विसर पडला. डिसेंबरात मी पुन्हा म्हटलं, शेवटच्या रविवारी तुम्हाला एक गंमत देणार. मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, आताच द्या. मगे तुमी इसारतल्यात." वर्ग हसला, मीही हसले. घरी जाईपर्यंत हसू राहिलं नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी कळलं की या गोष्टीवर चक्क प्रयोग झालाय. मुलासमोर एक मिठाई ठेवायची आणि सांगायचं, मी येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन देईन. वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डमध्ये केलेला हा प्रयोग सगळे सांगतात, आणि त्यातून 'ज्याला थांबता येतं तो शहाणा' असा अर्थ काढतात. पण २०१३ साली अमेरिकेतल्याच रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांची २८ मुलं घेतली आणि मिठाईच्या आधी एक पायरी घातली. बाईंनी मुलांना सांगितलं, थांबा, मी याहून चांगले रंग आणते. निम्म्या मुलांना रंग मिळाले. उरलेल्यांना हात हलवत परत येऊन सांगितलं, माफ करा, रंग नाहीतच. मग मिठाई ठेवली. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना दिसला नव्हता, ती ३. मुलं सगळी सारखीच, फरक बाईंच्या वागण्यातला. त्या ३ मिनिटांच्या पोरांना मी अधीर म्हणणार नाही. ती हिशेबी होती, आणि त्यांचा हिशेब बरोबर होता.

म्हणून माझं सगळं सांगणं एवढ्याभोवतीच फिरणार आहे. धीर हा बाहेरून मुलात ओतता येत नाही. 'थांब' म्हणणाऱ्या माणसाचा शब्द किती वजनाचा आहे, हे मूल रोज पारखत असतं आणि त्याप्रमाणे थांबतं किंवा थांबत नाही. आगमनकाळातले घरचे उपक्रम मला आवडतात ते याच कारणासाठी. चार आठवडे, रोज एक बारीकसा शब्द द्यायचा आणि तो पाळायचा. बाकी सजावट झाली तर झाली.

पण त्याआधी नवऱ्याशी एक बोलून घे. साइन ऑफ, म्हणजे जहाजावरून सुटका, ठरून तिकीट हातात येईपर्यंत मुलांना तारीख सांगायची नाही, महिनासुद्धा नाही. 'मार्चमध्ये येतो' हे तू मुलांना अजून सांगितलं नसशील तर सांगू नको. त्याऐवजी: पप्पा येणार हे नक्की, कधी ते आम्हालाही माहीत नाही, ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी तुला सांगू. हा शब्द पाळणं तुझ्या हातात आहे. आणि त्याने झिलासाठी वेगळा व्हॉइस मेसेज पाठवावा: 'मी नाताळ म्हणालो होतो आणि येऊ शकत नाही, मला वाईट वाटतं.' कारणं नकोत, 'तू आता मोठा, घराकडे बघ' हे तर मुळीच नको. आपल्याकडच्या बापांना हे जड जातं. माझ्या यजमानांना दोन वर्षं लागली, आणि तेही शेवटी चिठ्ठीत लिहिलं, तोंडाने नाही.

आता आगमनाच्या चक्राचं. सुरूच्या फांद्यांचं गोल कडं आणि त्यात चार मेणबत्त्या, हे तू चर्चमध्ये बघितलंच आहेस. त्याची जन्मकथा झिलाला सांग, त्याला आवडेल. १८३९ साली जर्मनीतल्या हांबुर्ग शहरात विचर्न नावाचे पाद्री गरीब मुलांचं एक घर चालवत होते. डिसेंबर लागला की पोरं रोज डोकं खायची, नाताळ आला का, आला का. विचर्नबाबांनी बैलगाडीसारखं एक जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकी दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला लागले. म्हणजे हे सगळं निघालंच मुळी 'आज येतले?' विचारणाऱ्या पोरांसाठी. तुझी धाकटी काही जगावेगळं करत नाही.

पाच वर्षांच्या मुलाला 'अजून तीन आठवडे' म्हणजे काय ते समजत नाही. 'उद्या' आणि 'परवा' याच्यापुढचं सगळं तिला एकाच अंधारात असतं. तिला दिसलं पाहिजे, हाताला लागलं पाहिजे. मेणबत्त्या रोज पेटवणं आपल्याला परवडत नाही आणि समुद्राच्या वाऱ्यात त्या टिकतही नाहीत, म्हणून आम्ही शिंपले वापरायचो. पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी पुळणीवर जायचं आणि नाताळापर्यंत जेवढे दिवस तेवढे शिंपले गोळा करायचे. दिवस दर वर्षी सारखे नसतात बरं का. पहिला रविवार कधी येतो त्यावर आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा होतो, तेव्हा कॅलेंडर मुलांच्याच हातात दे आणि त्यांनाच मोजू दे. शिंपले वाडग्यात ठेवायचे. रोज रात्री जेवणाआधी एक उचलायचा आणि नाताळच्या गोठ्याच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, दिशेने जमिनीवर मांडायचा. वाडगा रिकामा होत जातो, वाट लांबत जाते. धाकटी विचारेल, नाताळ कधी? तू वाडग्याकडे बोट दाखवायचं, बोलायचं काही नाही.

चक्रासाठी सुरूची फांदी ओली असेल तर परातीत ओली वाळू घालून त्यात खोव, मेणबत्त्याही वाळूतच रोव. घराला आग लागायची भीती नको. जांभळ्या मेणबत्त्या गावातल्या दुकानात मिळत नाहीत. पांढऱ्या घे, तिघींना जांभळी फीत बांध आणि तिसऱ्या रविवारच्या मेणबत्तीला गुलाबी. पहिली मेणबत्ती आशेची म्हणतात, ती झिलाला पेटवायला सांग. नको म्हणाला तर धाकटीला दे, पण काडीपेटी दर रविवारी आधी त्याच्यासमोर ठेव.

यातला सगळ्यात फलदायी उपक्रम विचारशील तर मी नाचणी सांगेन. गोठ्याभोवती हिरवं शेत करायला आपल्याकडे नाचणी पेरतात, ते सजावट म्हणून नको करू, वाट बघण्यासाठी कर. १२-१३ डिसेंबरच्या सुमारास मूठभर नाचणी रात्रभर भिजत घाल. दोन करवंट्या घे, एकेका मुलाची एकेक, बुडाला भोक पाड, तांबडी माती भर, दाणे दाट पसर, वर मातीचा पातळ थर. पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. थंडी जास्त पडली तर एखादा दिवस उशीर. नाताळापर्यंत बोटभर हिरवं गवत उभं राहतं.

आणि त्या पहिल्या चार दिवसांत काय होतं ते बघ. वर्गात एक मुलगी होती, तिने रोज माती उकरून बघितलं, आलं का, आलं का. सगळ्यांची नाचणी आली, तिची आली नाही. ती रडली, मी तिला दुसरी करवंटी दिली, आणि आपण सगळेच असं करतो म्हणून सांगितलं. मार्काच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात येशूची एक लहानशी गोष्ट आहे. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. ती गोष्ट त्या चार दिवसांत, करवंटी समोर ठेवून वाच. एरवी ती मुलांच्या डोक्यावरून जाते. याकोबाच्या पत्रातही पाचव्या अध्यायात शेतकऱ्याच्या धीराचं उदाहरण आहे, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघणारा. त्यांच्याकडे पाऊस दोन वेळा महत्त्वाचा, पेरणीच्या सुमाराला ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पीक भरताना मार्च-एप्रिलात. हे झिलाला सांगितलंस तर तो आपल्या आगोटीशी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, ताडून बघेल आणि दहा प्रश्न विचारेल. विचारू दे. तेर्साला न बसणारा पोरगा बायबलवर प्रश्न विचारतोय, हे सासूबाईंच्या लक्षात आणून देऊ नको, उगाच बोलून विरस करतील.

गोठ्यातली बाळ येशूची गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची, हे तुझ्याकडे असेलच. मुलाने कोणासाठी काही चांगलं केलं की गव्हाणीत एक काडी गवत, ही पद्धतही चांगली आहे. पण मोजू नको, आणि दोघांच्या काड्या वेगळ्या ठेवू नको. मी वर्गात एकदा चढाओढ लावली होती. शेवटच्या आठवड्यात एकाने घरून पेंढ्याची पेंडीच आणली. तीन राजांच्या मूर्ती मात्र सुरुवातीला गोठ्यात ठेवूच नको. त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेव आणि रोज हातभर पुढे सरकव. ते ६ जानेवारीला पोचतात. नाताळ झाला की सगळं संपलं असं मुलांना वाटू नये, यासाठी याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही.

कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, फार लांबवत नाही, तुझ्या सासूबाईंना माझ्याहून जास्त येत असेल. एवढंच म्हणेन की नेवऱ्या मुलांना आवडतात, पण धीर शिकवतो तो दोदोल. तांदळाचं पीठ, माडाचा गूळ, नारळाचा रस, आणि तासन्‌तास ढवळणं. पहिला तासभर मुलांना पाळीपाळीने पळी धरू दे. दाट व्हायला लागला की त्यांना लांब कर, शिंतोडा उडाला तर कातडी सोलून निघते. दोदोल कडा सोडून तेल सोडेपर्यंत कोणी चव घ्यायची नाही, आणि शेवटी कढईची खरवड मुलांची. आधी सांगून ठेव आणि मग ती खरवड पाहुण्यांना देऊ नको, कितीही मोठा पाहुणा असला तरी. आमच्या घरी एकदा दिली गेली. मुलगी आता चाळिशीला आली, अजून काढते.

तेर्साबद्दल. पाच वर्षांच्या मुलाला पाच दशकं, म्हणजे दहा-दहा प्रार्थनांचे पाच फेरे, गुडघ्यावर बसवणं म्हणजे धीर शिकवणं नव्हे, ती पायाला मुंग्या आणायची शिक्षा आहे. एक दशक पुष्कळ झालं. उरलेली तू आणि सासूबाई म्हणा, मुलं तिथेच पडून ऐकतील किंवा झोपतील. तेर्स ऐकत झोपलेली मुलं मोठी होऊन तेर्साला येतात, असा माझा अनुभव आहे. मारून बसवलेल्यांचं मी काही सांगत नाही.

इथवर जे सांगितलं ते सगळं तारीख ठरलेल्या गोष्टीचं. नाताळ २५ ला येणार, नाचणी उगवणार, दोदोल शिजणार. तिथे धीर पुरतो. पप्पांची तारीख ठरलेली नाही, तिथे धीर पुरत नाही, आशा लागते, आणि या दोन गोष्टी एकाच उपक्रमाने शिकवायला गेलं की घोळ होतो. पप्पांसाठी वाडग्यातून शिंपले काढायचे नाहीत. किती काढायचे तेच माहीत नाही, आणि वाडगा रिकामा झाला नि माणूस आला नाही, तर तुझ्या हाताने पुन्हा एक शब्द मोडला. त्यांच्यासाठी उलट कर. एक रिकामी बरणी घे, आणि ज्या दिवशी त्यांना दाखवण्यासारखं काही घडलं त्या दिवशी बरणीत काहीतरी टाक. पडलेला दात, परीक्षेतली चिठ्ठी, गोठ्यातली नाचणीची वाळकी काडी, झिलाने पहिल्यांदा स्वतः गळाला लावून काढलेल्या माशाचं चित्र. तारीख माहीत असते तेव्हा दिवस कमी होताना बघायचे. माहीत नसते तेव्हा काहीतरी वाढताना बघायचं.

झिलाच्या 'देव आयकना नाय' वर उत्तर देऊ नको. त्याला स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र दाखव. सुरुवातीलाच चार वेळा 'कोठवर' आहे, देवा कोठवर, कोठवर. दावीद राजाच्या नावाचं स्तोत्र आहे ते, आणि देवाने ते पुस्तकातून काढून टाकायला लावलं नाही. घरच्या प्रार्थनेत रागाला जागा आहे हे कळलं की मुलं परत येऊन बसतात. सगळीच नाही, आणि लगेच नाही. वर्गात मी मुलांना त्यांचं स्वतःचं 'कोठवर' लिहायला सांगायची. एकाने लिहिलं होतं, देवा, बाबा दारू कोठवर पिणार. त्या दिवशी मी पुढचा धडा घेतला नाही.

आणि एक चूक करू नको, जी चांगल्या हेतूने सगळे करतात: 'तू प्रार्थना कर, मग पप्पा लवकर येतील.' नाही आले, तर मूल दोनच गोष्टी समजू शकतं, देव खोटा किंवा माझी प्रार्थना वाईट. दोन्ही समजुती पुढे आयुष्यभर पुरतात. पप्पांची प्रार्थना करायची ती त्यांच्यासाठी: तिथे समुद्र शांत असू दे, त्यांना झोप मिळू दे, वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीत, त्यांचे डोळे उघडे राहू देत.

सासूबाईंना या सगळ्यात घे, नाहीतर त्या बाहेरून टीका करत राहतील. लूकाच्या दुसऱ्या अध्यायात मंदिरात बाळाची वाट बघणारी दोन म्हातारी माणसं आहेत, शिमोन आणि हन्ना. हन्ना ८४ वर्षांची विधवा. ती गोष्ट त्यांना सांगू दे, त्यांच्या तोंडी ती शोभेल. मग त्यांना विचार, तुमच्या लहानपणी घरातलं कोण मुंबईला होतं? त्या वेळी कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण सुरू झाली १९९८ ला. मुंबईहून माणसं बोटीने वेंगुर्ला-मालवणला उतरायची आणि पावसाळ्यात बोट बंद. जूनमध्ये गेलेलं माणूस चतुर्थीच्या सुमाराला नाहीतर थेट नाताळाला. मनीऑर्डरच्या खालच्या चार ओळींवर अख्खं घर महिना काढायचं. मुलांना हे ऐकू दे, आणि शेवटी ते माणूस आलं तेव्हा काय झालं, काय आणलं, कोण रडलं, तेही ऐकू दे. आशा मुलांना उपदेशातून समजत नाही. आपल्या घरात यापूर्वी कोणीतरी वाट बघितली होती आणि ते माणूस दारात उभं राहिलं होतं, हे आठवणीने सांगितलं की समजते. इस्राएल लोकांचा वल्हांडण सणही तसाच तर आहे, मुलं विचारणार आणि मोठे आठवून सांगणार.

एक शेवटची गोष्ट, झिलासाठी राखून ठेवलेली. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. मी हे वर्गात पहिल्यांदा विचारलं, नांगर म्हणजे काय, तर शेतकऱ्यांच्या मुलांनी हाताने बैल हाकून दाखवले आणि मासेमार रापणकरांच्या मुलांनी दोर सोडून दाखवला. मराठीत दोन्हींना एकच शब्द, त्याला कोण काय करणार. पत्रातला नांगर बोटीचा आहे, पण शेताचाही मी खोटा ठरवला नाही. मग घरी यजमानांना विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे वर्षानुवर्षं वर्गात वापरलं. मोठ्या जहाजाला नुसता नांगर धरून ठेवत नाही. पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट साखळी सोडावी लागते, ती तळावर आडवी पडते आणि तिच्या वजनावर जहाज थांबतं. साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल साधारण साडेसत्तावीस मीटरचा. आणि नांगरलेलं जहाज गप्प उभं राहत नाही. वारा फिरला, भरती-ओहोटी फिरली की तेही गोल फिरतं, आज तोंड इकडे, उद्या तिकडे. फक्त वाहून जात नाही.

तुझ्या नवऱ्याला सांग, हे त्यानेच झिलाला व्हॉइस मेसेजमध्ये सांगायचं. आपल्या जहाजाचा नांगर किती टनांचा, आज किती शॅकल सोडले, नांगर टाकल्यावर पाण्यात चिखल कसा उठतो. शक्य असेल तर नांगर उचलतानाचा फोटो. देवाचं नाव त्यात आलं नाही तरी चालेल, ते तू नंतर सहाव्या अध्यायावर बोट ठेवून करशील. झिल एखाद्या रात्री चिडेल, रडेल, पप्पांचा फोन घेणार नाही. त्या वेळी घाबरू नको. वारा फिरलाय एवढंच समज.

उपवासकाळ आणि पवित्र शनिवार यांबद्दलही लिहायचं होतं, पण तो फेब्रुवारी-मार्चचा विषय, तेव्हा पुन्हा विचार. एवढंच आत्ता सांगते की पवित्र शनिवारी चर्चमध्ये वेदी उघडी असते, रात्रीच्या विधीपर्यंत घंटा वाजत नाही, काहीच घडत नाही, आणि तो दिवस तुझ्या झिलाला नाताळापेक्षा जास्त आपला वाटेल. तोपर्यंत पहिले हापूसही आढीत पडलेले असतील. अंगठ्याने दाबून बघायचे नाहीत, हे त्याला एव्हाना सांगावं लागणार नाही.

बरणीचं तेवढं लक्षात ठेव. काचेची घेऊ नको, धाकटी पाडेल. प्लास्टिकची घे आणि रुंद तोंडाची घे. आमच्याकडे लोणच्याची बारक्या तोंडाची होती, आणि माझ्या मुलीने बाबांसाठी जपलेला सगळ्यात मोठा शंख काही केल्या आत जाईना. शेवटी तो सात महिने तिच्या उशाखाली राहिला.